पाया खणताना सापडलेली नोंद
(कलशारोहणापूर्वी देवळासमोर भरलेल्या गावसभेतील भाषण)



मी वक्ता नाही आणि विद्वान तर मुळीच नाही. एस.एस.सी. झालो आणि तालुका कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. माझा रोजचा संबंध दप्तराशी, आवक-जावक वहीशी आणि सातबाऱ्याशी. तरीपण जीर्णोद्धार समितीने ‘दोन शब्द बोलाच’ अशी आज्ञा केली. ती मोडवत नाही. शिवाय एक खुलासा करणे माझ्याकडून राहिले आहे, तो आज नाथाच्या समोरच करतो.

आपणा सर्वांना ठाऊक आहे की, वैशाखात सभामंडपाचा पाया खणताना काम अकरा दिवस बंद राहिले. पाऊस तोंडावर आलेला, गवंड्यांची मजुरी अंगावर पडत होती, मुंबईकर मंडळींचे फोनवर फोन येत होते. ‘देवाचे काम अडवणारा हा कारकून कोण?’ असेही काहीजण म्हणाले. ते चुकले असे मी म्हणणार नाही. घामाचा पैसा दिलेल्या माणसाला विचारण्याचा हक्क आहे. म्हणून काय घडले ते क्रमाने सांगतो.

सुमारे चार फुटांवर एक लांब फरशी लागली. जेसीबीवाल्याला ती उचलून बाजूला टाकायची होती. आम्ही मशीन थांबवून पहारीने अलगद उलटी केली, तर खालच्या अंगाला वीरगळ! तळाच्या चौकटीत गाईंसाठी लढणारा वीर, वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गावासाठी देह ठेवणाऱ्या कुणा पूर्वजाचा तो दगड पुढे कधीतरी पालथा घालून फरशी म्हणून वापरला गेला होता.

त्या फरशीखाली राखेचा पातळ थर होता. घमेल्यात माती भरणाऱ्या एका मजूर भगिनीला तिथे एक नाणे दिसले. तिने ते उचलून कनवटीला लावले नाही. जागा हरवू नये म्हणून शेजारी पाय रोवून ती उभी राहिली आणि तिने हाक मारली. नाणे तांब्याची शिवराई निघाले. मंडळी, एवढ्याशा नाण्याने केवढी मोठी साक्ष दिली पाहा. नाणे फरशीखाली दबलेले होते, म्हणजे फरशी नाण्यानंतर बसली. शिवराई पाडली जाऊ लागली ती शिवकाळात. तेव्हा ती फरशी शिवकाळाआधीची असू शकत नाही. देऊळ त्याहून जुने असेल तर शिवकाळात किंवा त्यानंतर त्याची एकदा तरी दुरुस्ती झाली असली पाहिजे. आपला हा पहिलाच जीर्णोद्धार नव्हे! पण तेच नाणे ढिगाऱ्यात मिळाले असते, तर ते नुसते तांब्याचा तुकडा ठरले असते. वस्तूपेक्षा तिची जागा जास्त बोलते. सातबारा गटावरून ओळखायचा. गट नंबरच फाटला तर उताऱ्याला काय किंमत?

म्हणून काम थांबविले. तहसील कचेरीत लेखी कळविले, पंचनामा झाला, फोटो व मोजमापे पुण्याच्या पुरातत्त्व कार्यालयाकडे पाठविली. पुढचे खोदकाम हातानेच, एक-एक वीत खाली जात केले. जोत्याच्या खालच्या कडेपासून खोली मोजायची, शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो घ्यायचा, खापरे थराप्रमाणे वेगळ्या पिशवीत चिठ्ठी घालून ठेवायची आणि सर्व वहीत लिहायचे, असा नियम ठेवला. आपल्या तरुण मंडळातील मुले पाळीपाळीने उन्हात खड्ड्याच्या काठी बसली. याहून मोठी देवसेवा कोणती?

दोन शंका वारंवार निघाल्या. पहिली, ‘नोंद झाली की सरकार देऊळ घेईल.’ तसे नाही. एखादी वास्तू संरक्षित ठरवायची तर त्यासाठी स्वतंत्र अधिसूचना काढून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात. वस्तू सापडल्याचे कळविले म्हणून देऊळ जात नाही. दुसरी शंका धनाची. पुरलेल्या धनाचा कायदा 1878 सालचा आहे. दहा रुपयांवरील किमतीचे धन जमिनीत सापडले, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. त्याला कोणी मूळ मालक निघाला नाही आणि सरकारनेही मोल देऊन ते घेतले नाही, तर वेगळा करार नसल्यास तीन हिस्से सापडणाऱ्याला व एक हिस्सा जागामालकाला, अशी त्यात तरतूद आहे. लपविणाऱ्याचा मात्र हिस्साही जातो आणि वर शिक्षाही होते. तेव्हा कळविण्यातच शहाणपण.

आता थोडे दूरचे सांगतो. शेजारच्या कोल्हापुरात पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीचे टेकाड आहे. तेथे 1944 ते 1946 या काळात खोदकाम झाले. 1945-46 च्या उत्खननात डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांच्यासारखे जाणकार होते. त्या टेकाडातून ग्रीक लोकांच्या समुद्रदेवाची, पोसायडनची, कांस्यमूर्ती निघाली. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या या घाटमाथ्याच्या मुलखाचा व्यापार सातासमुद्रापार चालत होता, हे त्यावरून उमगले. ती मूर्ती आज कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. कुणी ती मोडीत घातली असती, तर किलोच्या भावाने गेली असती.

अलीकडचे उदाहरण पंढरपूरचे. विठुरायाच्या मंदिराचे जतनकाम चालू असताना मे 2024 च्या अखेरीस हनुमान दरवाज्याजवळ फरशीचा दगड खचला आणि खाली तळघर दिसले. पुरातत्त्वाची माणसे कामावर होतीच. त्यांच्या देखत तळघर तपासले आणि विष्णुरूपातील मूर्ती, महिषासुरमर्दिनी, पादुका, नाणी बाहेर आली. साक्षात पांडुरंगाच्या दारी काम थांबवून पाहिले जाते, तर आपण अकरा दिवस थांबलो यात कमीपणा कसला?

मग मी एवढा हट्टाला का पेटलो, हे विचाराल. त्याचे कारण सांगताना मान खाली जाते. वीस वर्षांपूर्वी मी घर बांधले, तेव्हा देवळामागच्या पडक्या भिंतीचे दगड उंबऱ्यासाठी आणले. त्यांतल्या एकावर अक्षरे होती. गवंडी म्हणाला, ‘दगड उंच-सखल आहे, टाकी मारून सपाट करतो.’ मी म्हटले, ‘कर.’ तासाभरात अक्षरे गेली. कोणी काय दान दिले होते, कोणत्या शके, काही कळायचे राहिले. कचेरीत एका नोंदीवर खाडाखोड झाली तर खुलासा द्यावा लागतो. मी तर सबंध नोंदच पुसली आणि मला कोणी विचारलेही नाही. आजही तो उंबरा ओलांडताना पाय अडखळतो. वैशाखात तो वीरगळ उलटला, तेव्हा तो उंबराच डोळ्यांपुढे आला.

देणगीदार बंधूंनो, शेवटची गोष्ट खास आपल्यासाठी. मध्य प्रदेशात भरहुत येथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा एक बौद्ध स्तूप होता. त्याचे कितीतरी दगड आसपासच्या लोकांनी घरे बांधायला नेले. कनिंगहॅम साहेबांनी 1873-74 साली जे उरले होते ते उकरून काढले. ते आता कलकत्त्याच्या संग्रहालयात आहे. त्यावर देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत ‘करहकट’ नगरीच्या दानाची नोंद आहे, आणि हे करहकट म्हणजेच आपले कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे कराड, असे विद्वान मानतात. विचार करा, आपल्या मुलखातील माणसांनी इतक्या लांब दिलेले दान दोन हजार वर्षांनीही वाचता येते. दगड घरात गेला असता, तर ते नाव माझ्या उंबऱ्यासारखेच पुसले असते. आपली नावे आज संगमरवरी पाटीवर लागत आहेत. आपण मागच्यांची नावे जपली, तरच पुढचे आपली जपतील.

समितीने वीरगळ देवळाच्या उजव्या अंगाला कट्ट्यावर उभा केला आहे. माझी हात जोडून विनंती एवढीच, की त्याला शेंदूर किंवा ऑइलपेंट लावू नये, सोड्याने घासू नये. फूल वाहा, नमस्कार करा. घरच्या पायात, विहिरीत, बांधावर कोरीव दगड निघाला तर तो हलविण्याआधी हाक मारा. त्या खोदकामाच्या वहीची एक प्रत देवळाच्या दप्तरात ठेवली आहे. पुढचा जीर्णोद्धार करणाऱ्यांना ती उपयोगी पडेल.

ज्यांना अकरा दिवसांचा त्रास झाला त्या सर्वांची क्षमा मागतो. ज्या भगिनीने पाय रोवून ती जागा राखली, तिचा या सभेत साडी-चोळी देऊन सत्कार व्हावा अशी सूचना करतो आणि माझे दोन शब्द संपवितो.

भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!