चैत्रातला डोंगर आणि गावची शाळा



चौथीच्या मुलास हिमालयातील शिखरांची नावे पाठ असतात. परंतु शाळेच्या खिडकीतून रोज दिसणाऱ्या डोंगराविषयी विचारले, की वर्ग गप्प होतो. यात मुलाचा दोष नाही. सृष्टिसौंदर्य हे दूरदेशी असते, आणि तेही पावसाळ्यात वा थंडीतच पाहावे, अशी समजूत वडीलधाऱ्यांनीच त्याच्या मनात रुजविलेली असते. वास्तविक बुलढाणा जिल्ह्यास डोंगरांचे दान दोन्ही हातांनी मिळालेले आहे. उत्तरेस संग्रामपूर व जळगाव-जामोद तालुक्यांच्या सीमेवर सातपुडा उभा आहे. दक्षिणेस अजिंठ्याची रांग पसरली आहे. आणि या दोहोंमध्ये पूर्णेचे काळेभोर खोरे आहे. ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ हे शब्द येथील लहान मूलही बोलते. मलकापुराकडून राजूर घाट चढून समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून अधिक उंच असलेल्या बुलढाण्यास येणाऱ्या प्रवाशास त्या शब्दांचा अर्थ हवेच्या पहिल्या झुळुकीनेच कळतो.

आता चैत्र-वैशाखाचे दिवस. पाने गळाली, गवत वाळले, म्हणून डोंगर उजाड झाला असे म्हणतात. खरे पाहता याच ऋतूत तो आपले अंतरंग उघडे करतो. पावसाळ्यात हिरवाईने झाकलेले खडकांचे थर आता एकावर एक रचलेल्या पायऱ्यांसारखे स्पष्ट दिसतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वारंवार वाहून आलेल्या लाव्ह्याचे हे थर होत. भूगर्भशास्त्रातील ‘ट्रॅप’ हा शब्दसुद्धा ‘पायरी’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. याच खडकाच्या झिजेतून कापूस पिकविणारी काळी माती झाली, हे मुलास डोंगराकडे बोट दाखवून सांगता येते.

झाडांचेही तसेच. साग, सालई, पळस हे वृक्ष पाने टाकतात ते मरण्यासाठी नव्हे, तर पाणी वाचविण्यासाठी. निष्पर्ण फांदीवर फूल आले म्हणजे ते पाखरांस दुरून दिसते; म्हणून पळस व पांगारा पाने येण्याआधीच पेटल्यासारखे फुलतात. त्यांचा बहर ओसरतो तोच कडुनिंबाचा मोहोर दरवळू लागतो, पिंपळास तांबूस पालवी फुटते, काटेसावरीची बोंडे उकलून कापूस वाऱ्यावर तरंगतो, आणि मागून बहाव्याचे पिवळे झुंबर लोंबू लागतात. तांबट पक्ष्याची टुकटुक तर भर दुपारीही थांबत नाही.

पाण्याचा धडा याहून मोलाचा आहे. पैनगंगा अजिंठ्याच्या याच डोंगरात, बुलढाण्याजवळ उगम पावते. तिचे पाणी वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास जाते. नळगंगा व ज्ञानगंगा याच डोंगरातून उत्तरेस उतरतात. त्यांचे पाणी पूर्णा व तापी यांच्या वाटेने अरबी समुद्रास मिळते. घाटमाथ्यावर पडलेले दोन थेंब हातभर अंतराने भारताच्या दोन समुद्रांकडे निघू शकतात! चैत्रात ओढे कोरडे असल्याने या वाटा मुलांस चालत जाऊन पाहता येतात.

परंतु हाच ऋतू वणव्याचाही आहे. अनेक ठिकाणी मोहाची फुले सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवितात, आणि ती आग आवरत नाही. तीत रोपे जातात, जमिनीवर अंडी घालणारे तित्तिर-लावे जातात, आणि उघडी पडलेली माती पहिल्याच पावसात वाहून धरणात बसते. बुलढाणा शहराची तहान भागविणारे येळगावचे धरण पैनगंगेवरच आहे, हे विसरता येत नाही. ज्ञानगंगा व अंबाबरवा ही अभयारण्ये १९९७ साली घोषित झाली. २०१९ साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरहून निघालेला एक तरुण वाघ हजार किलोमीटरांहून अधिक भटकून ज्ञानगंगेच्या वनात येऊन राहिला. त्या मुक्या जनावराने ज्या वनाची निवड केली, त्याची किंमत त्याच वनाच्या कुशीत वाढणाऱ्या मुलास कळू नये, ही खेदाची गोष्ट होय. कायदा आग लावणाऱ्यास शिक्षा करू शकतो. आग लावू नये असे वाटणारे मन मात्र शाळाच घडवू शकते.

यासाठी मोठा खर्च नको. सकाळच्या शाळेच्या दिवसांत शिक्षकाने आठवड्यातून एकदा मुलांस गावाजवळच्या टेकडीवर न्यावे. उजाडताच निघावे आणि ऊन तापण्यापूर्वी परतावे. डोक्यास रुमाल व जवळ पाणी असावे. दाट वनात शिरू नये, कारण मोहाची फुले अस्वलासही प्रिय असतात. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीने व वनरक्षकासोबतच जावे. प्रत्येक मुलाने एकच झाड निवडून त्याची पालवी, फूल व फळ यांची तारीखवार नोंद वहीत ठेवावी. गावातील वृद्धांकडून टेकड्यांची, ओढ्यांची व झाडांची जुनी नावे विचारून घ्यावीत. ती नावे कोणत्याही नकाशात सापडणार नाहीत.

ज्या मुलाने आपल्या टेकडीचे नाव वहीत लिहिले आणि तिच्यावरील एक झाड वर्षभर पाहिले, तो मोठेपणी तेथे काडी ओढण्यापूर्वी थांबेल. भूगोलाच्या तासाकडून याहून अधिक फळाची अपेक्षा कोणता शिक्षक करील?