लॅपटॉप सक्तीचा, पण कागदावर नाही

बसमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल, असू द्या. आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांना नुकताच भेटला असणार. ॲडमिशन झाली, फी भरली, आणि पहिल्याच आठवड्यात ग्रुपवर मेसेज: 'सर्वांनी लॅपटॉप घेणे. आय फाइव्ह, आठ जीबी रॅम, विंडोज.' खाली सगळ्यांचे अंगठे. ज्याच्याकडं पैसे नाहीत, त्याचाही अंगठा.

तर प्रश्न असा, की अमुकच कॉम्प्युटर घ्या असं कॉलेजनं सांगावं का?

मी किल्लारीचा. हो, 1993 च्या भूकंपाचं किल्लारी. मी त्यानंतर जन्मलो, नव्या गावात वाढलो. 2015 ला बीटेकला लागलो. ते साल लातूरकर विसरत नाहीत. पाऊस नाही, सोयाबीन हातचं गेलेलं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. अशात आमच्या कॉलेजच्या बोर्डावर लॅपटॉपची नोटीस लागली. कॉलेजचं नाव घेत नाही.

अण्णा बँकेत गेले. शैक्षणिक कर्ज आधीच घेतलेलं होतं. साहेब म्हणाले, "कोर्ससाठी कॉम्प्युटर लागतो असं कॉलेजचं पत्र आणा, कर्जात बसवू." बरोबरच होतं त्यांचं. शैक्षणिक कर्जाच्या नियमांत फीसोबत कॉम्प्युटरचा खर्चही धरता येतो, पण तो कोर्स पूर्ण करायला गरजेचा असेल तर. मी ऑफिसात पत्र मागितलं. उत्तर आलं, "लॅपटॉप सक्तीचा नाही, नुसती शिफारस आहे. पत्र मिळणार नाही." आणि दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला सर म्हणाले, "लॅपटॉप नसलेल्यांनी मागं बसा."

म्हणजे कागदावर शिफारस, वर्गात सक्ती. अण्णा एवढंच म्हणाले, "घ्यावंच लागतंय म्हणल्यावर काय करावं बाळा." बैलजोडी विकली. चारा नव्हता, सगळेच जनावरं विकायले होते, त्यामुळं भाव पडलेला. लॅपटॉप आला 41 हजारांचा.

आणि त्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षी मी काय चालवलं? टर्बो सी! नव्वदच्या दशकातली ती निळी स्क्रीन. कुठल्याही जुन्या मशीनवर पळाली असती. आठ जीबी रॅम खरी लागली तिसऱ्या वर्षी, अँड्रॉइड स्टुडिओला. तोवर बॅटरी मेली होती.

आता दुसरी बाजू. मास्तरांचंही ऐकायला पाहिजे. साठ पोरं, साठ तऱ्हेची मशीनं. अर्धा तास इन्स्टॉल करण्यातच जातो. सॉलिडवर्क्ससारखं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. शिवाय हे काही आजचं नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठानं 1983 मध्येच ठरवलं होतं, की नव्या विद्यार्थ्यांकडं स्वतःचा कॉम्प्युटर हवा. त्यांनी निवडला मॅकिंटॉश, जो तोवर बाजारातही आला नव्हता. पण त्यांनी नुसती नोटीस लावली नाही, कंपनीशी बोलून पोरांना सवलतीत मशीन मिळवून दिलं.

नुसतं स्वस्त मशीन दिलं म्हणजे झालं, असंही नाही. 2011 चा 'आकाश' टॅबलेट आठवतो? सरकारनं विद्यार्थ्यांसाठी आणला, गाजावाजा झाला, आणि तो इतका संथ होता की तक्रारीच तक्रारी. मशीन आधी ठरवलं आणि काम नंतर शोधलं, की असंच होतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. कॉलेजनं मशीन सांगू नये, काम सांगावं. कुठल्या वर्षी कुठलं सॉफ्टवेअर चालवायचंय, त्याला कमीत कमी काय लागतं, एवढं ॲडमिशनच्या आधी छापावं. फुकटचं चालत असेल तर ते शिकवावं. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प सायलॅबसारख्या मुक्त सॉफ्टवेअरसाठीच काम करतो, आणि त्यांच्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत. आणि ज्याच्याकडं मशीन नाही, त्याच्यासाठी लॅब पाचला बंद करू नये. रात्री दहापर्यंत उघडी ठेवली तरी निम्मा प्रश्न सुटतो.

आणि एवढं करूनही ठरावीक मशीन लागतच असेल, तर ते लेटरहेडवर लिहून द्यावं. कारण जे कागदावर नाही, ते बँकेला दिसत नाही, सरकारलाही दिसत नाही. बघा, 2024 पासून आपल्याकडं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक कोर्सचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. चांगली गोष्ट आहे. पण पोरगी फी न भरता वर्गात पोचते आणि ग्रुपवर मेसेज येतो, 55 हजारांचा लॅपटॉप आणा. सोयाबीनचा हमीभाव 2025-26 ला 5,328 रुपये. म्हणजे दहा क्विंटलच्या वर सोयाबीन एका लॅपटॉपला, तेही हमीभाव मिळाला तर! आमच्याकडं कोरडवाहू एकराला सहा-सात क्विंटल निघालं तरी लोक बरं झालं म्हणतात.

आता गावाकडची पोरं मला फोन करतात, "दादा, कुठला लॅपटॉप घेऊ?" मी मॉडेल सांगत नाही. आधी म्हणतो, कॉलेजला लेखी विचार. कशासाठी लागतो, कुठल्या वर्षी लागतो. पत्र दिलं, तर बँकेत घेऊन जा. नाही दिलं, तर सक्ती नाही, मागं बसायचं कारण नाही. एकट्यानं विचारू नका, दहा-पंधरा जण मिळून अर्ज द्या. आम्ही तो दिला नव्हता. लाज वाटली होती, आपल्याकडं पैसे नाहीत हे दिसेल म्हणून. नंतर कळलं, मागच्या बाकावर बसलेल्या बहुतेकांना तसंच वाटत होतं.

तो लॅपटॉप अजून घरी आहे, चार्जर लावूनच चालतो. अण्णा त्यावर बाजारभाव बघतात. बैल मात्र परत घेतले नाहीत.

तुमच्या कॉलेजात काय चाललंय, ते व्हॉइस नोट करून पाठवा. भेटूया पुढच्या भागात.