पाऊस पडला असता तर : संकेतार्थाचे गणित



मराठीच्या अध्यापकाने संख्याशास्त्रावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. परंतु माझी वाट व्याकरणातूनच जाते. मराठी क्रियापदाचे चार अर्थ आपण शाळेत शिकलो. ‘पाऊस पडतो’ हा स्वार्थ. ‘पाऊस पडावा’ हा विध्यर्थ. आज्ञार्थ पावसापुढे चालत नाही. चौथा संकेतार्थ : ‘पाऊस पडला असता तर बहार धरला असता.’ घडले नाही, पण घडले असते तर काय झाले असते, हे सांगणारे हे रूप आहे. ज्या गणिताविषयी मी आज बोलणार आहे, ते या संकेतार्थाचेच गणित होय.

रामाकोन्याच्या श्रोत्यांना संत्र्याचा मृग बहार समजावून सांगण्याची गरज नाही. मे महिन्यात पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा आणि मृगाच्या सरींवर भरवसा ठेवायचा. पाऊस लांबला की बहार गेला. पण नुकसान तिथेच थांबत नाही. विहीर पुरती भरत नाही, पुढच्या उन्हाळ्यात झाड तहानेले राहते आणि एका वर्षाची तूट पुढच्या वर्षांच्या अंगावर पडते. ही तूट किती वर्षे आणि कितीशी टिकते, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक आपल्याच देशात काम करीत होते. गिल्बर्ट वॉकर हे 1904 ते 1924 या काळात भारतातील वेधशाळांचे महासंचालक होते. दूरदूरच्या ठिकाणचा हवेचा दाब आणि आपला मान्सून यांची सांगड त्यांनी समाश्रयणाच्या, म्हणजे रिग्रेशनच्या, सूत्रांनी घातली. 1927 मध्ये इंग्लंडमध्ये उडनी यूल यांनी सूर्यावरील डागांचा अभ्यास करताना एक सुंदर दृष्टान्त योजला. एक लंबक झुलत आहे आणि खोडकर मुले त्याच्यावर वाटाणे मारीत आहेत. प्रत्येक वाटाण्याचा धक्का लंबक काही काळ लक्षात ठेवतो, मग हळूहळू विसरतो. 1931 मध्ये वॉकर यांनी हाच विचार पोर्ट डार्विनच्या वायुभारासाठी पुढे नेला. यूल-वॉकर समीकरणे आजही शिकवली जातात.

आपली विहीर हाही असाच एक लंबक आहे. समजा, जुन्या नोंदींवरून असे सूत्र निघाले की या वर्षीच्या तुटीचा 0.6 हिस्सा पुढच्या वर्षी उरतो. हा आकडा केवळ उदाहरणाचा आहे. पाणी 10 फूट खाली गेले, तर पुढच्या वर्षी तूट 6 फूट, मग 3.6, मग सुमारे 2.2. सूत्रातला 0.6 पाहून हा प्रवास नजरेस येत नाही. आलेख काढला की उतरत जाणारी रेषा चटकन दिसते.

पण 0.6 हा आकडाही अंदाजच. तो 0.5 असला तर चौथ्या वर्षी तूट 1.25 फूट उरेल, 0.7 असला तर 3.4 फूट. सर्व वर्षांची तूट मिळवली, तर पहिल्या सूत्राने बेरीज 25, दुसऱ्याने 20, तिसऱ्याने 33. पाहा, चूक दोन्ही बाजूंना सारखीच होती. परिणाम मात्र सारखा नाही. म्हणून संगणकाकडून त्या आकड्याच्या संभाव्य 1000 किमती काढून घेतात, प्रत्येकीची रेषा आखतात आणि दर वर्षी वरच्या 25 व खालच्या 25 रेषा सोडून उरलेल्यांचा पट्टा रंगवतात. त्यात पुढच्या वर्षांचे अनपेक्षित वाटाणेही मिसळले, तर पट्टा आणखी रुंद होतो. ‘असे झाले असते तर’ हे एकदा नव्हे, हजारदा म्हणून पाहणे, यालाच सिम्युलेशन म्हणतात.

श्रोतेहो, हा पट्टा म्हणजे गणिताचा विनय आहे. पण त्यालाही सीमा आहे. 1988 पासून भारतीय हवामान विभाग डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे सोळा घटकांचे समाश्रयण वापरीत असे. अनेक वर्षे त्याने चांगली साथ दिली. 2002 साली मात्र अंदाज होता सरासरीच्या 101 टक्क्यांचा. प्रत्यक्षात पाऊस झाला 81 टक्के. अंदाजासोबत चार टक्के अधिक-उण्याची मर्यादा दिलेली होती, आणि वास्तव तिच्या कितीतरी बाहेर गेले. 2003 मध्ये ते सूत्र बदलले गेले. यात त्या शास्त्रज्ञांना उणे लेखण्याचे कारण नाही. पट्टा सूत्राच्या आतली शंका दाखवतो. भूतकाळातली नातीच बदलली, तर ते त्याला कळत नाही.

तरीही माझा आग्रह पट्ट्याचाच आहे. संत्र्याचे कलम लावल्यावर फळासाठी पाच-सहा वर्षे थांबावे लागते. विहीर खोल करण्यासाठी कर्ज काढणाऱ्याला एकच ठाम आकडा सांगणे म्हणजे संकेतार्थाचे वाक्य स्वार्थात उच्चारणे होय. व्याकरणात अशा चुकीचा एक गुण जातो. शेतात बाग जाते.

शेवटी या शाळेजवळ एक मागणे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांचे ऋण फेडण्याचा एक साधा मार्ग मला दिसतो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि दिवाळीनंतर, ठरलेल्या दिवशी, गावच्या ठरावीक विहिरींची पातळी विद्यार्थ्यांनी मोजावी आणि वहीत लिहावी. कोरड्या वर्षी मोजणी चुकवू नये. तेच वर्ष पुढे सर्वांत अधिक बोलते. वीस-पंचवीस वर्षांनी याच बाकांवरचा कोणी विद्यार्थी त्या नोंदींवरून आपल्या गावाची रेषा आणि तिचा पट्टा आखील. त्या दिवशी ‘पाऊस पडला असता तर’ हा केवळ उसासा राहणार नाही. त्याला उत्तर असेल, आणि त्या उत्तराला त्याची शंकाही जोडलेली असेल.