शिकाऱ्याचे व्रत : हात आवरण्याची साधना



आश्विन वद्य द्वादशीला ठाणे-डोंबिवलीतील घराघरांत वसुबारस साजरी होते. सवत्स धेनूची पूजा होते आणि दिवाळी सुरू होते. त्याच तिथीला सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी बांधव वाघबारस साजरी करतात, वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. ठाणे, पालघर भागातील वारली समाजही दिवाळीच्या सुमारास वाघोबाला पूजतो. वारली वस्तीच्या प्रदेशात वाघोबाची दीडशेहून अधिक स्थाने असल्याची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आहे. एकाच तिथीला गायीची पूजा आणि गायीला मारू शकणाऱ्या वाघाचीही पूजा! यात विसंगती नाही. सृष्टीत भक्ष्याला जसे स्थान आहे तसेच भक्षकालाही आहे, एवढेच हा समाज मानतो.

पण मग शिकार करणाऱ्या माणसाचे काय? शिकार ही साधना होऊ शकते काय? आजचा मध्यमवर्गीय म्हणेल, 'छे, ती तर हिंसा.' आपल्या ग्रंथांचे उत्तर मात्र इतके सोपे नाही. मनुस्मृतीने मृगयेची गणना राजाच्या व्यसनांत केली आहे. महाभारतातील पंडुराजाची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. मृगरूप घेऊन रममाण झालेल्या किंदम ऋषींवर त्याने बाण सोडला. मरताना ऋषींनी दोष दिला तो मृगाला मारल्याबद्दल नव्हे, तर मीलनाच्या क्षणी न थांबल्याबद्दल. रामायणाच्या आरंभीही निषादाचा बाण रममाण क्रौंचयुगुलातील एकाला लागतो आणि वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक होतो. दोन्ही महाकाव्यांत पाप नेमक्या एकाच ठिकाणी दाखवले आहे: जीवन जिथे पुढे चालू राहणार होते, तिथे शस्त्र चालवणे.

हा विचार केवळ पोथीत राहिला नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. कोणती जमात कशाची शिकार करते, हे परंपरेने वाटलेले होते. फासेपारधी फास लावून हरणे आणि पक्षी धरत. नंदीवाले कुत्र्यांच्या साह्याने साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. वैदूंचे भक्ष्य आणखी निराळे. फाशात गाभण हरिणी किंवा पाडस सापडले, तर ते सोडून देण्याची फासेपारध्यांची रीत होती. ज्याच्या घरात उद्याची भाकर नाही, त्याने हाती आलेले भक्ष्य सोडून द्यावे, याला व्रत नाही तर काय म्हणावे? साधना ठार मारण्यात नव्हती, हात आवरण्यात होती.

इंग्रज अमदानीत वाघ मारणाऱ्याला बक्षिसे मिळत. साहेबांच्या दिवाणखान्यात वाघांची मुंडकी टांगली जात. त्याच राजवटीने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पुढे पारध्यांवरही तो शिक्का मारला. शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला. शहरी मनावरून तो पुसला गेला आहे काय, याचा विचार प्रत्येकाने स्वतःशी करावा.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे युग संपले. ते योग्यच झाले, कारण रानेच आटली होती. ठाण्यात वाघबीळ हे नाव उरले आहे, पण तिथे आता इमारती आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेत एका इमारतीत बिबट्या शिरला, काही जण जखमी झाले, अखेर वनविभागाने त्याला पकडले. शहर रानात शिरले की रान शहरात शिरते. बंदूक न उचलताही अधिवास हिरावला जातो, तोही वधच होय.

शिकारीचे एक रूप मात्र आजही आपल्या दाराशी आहे. चेंदणीचा कोळी नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करतो. त्याआधी पावसाळ्यात मासे विणीवर असतात, म्हणून जाळी आवरायची ही जुनी रीत. शासनाने जून-जुलैत यांत्रिक नौकांना घातलेली बंदी त्याच शहाणपणाला धरून आहे. उलट पहिल्या पावसात मुरबाड-शहापूरच्या ओढ्यांतून अंडी घालण्यासाठी उलट्या प्रवाहाने वर चढणारे वलगणीचे मासे पाहा. पाड्यावरचे कुटुंब चार मासे घरच्या कालवणापुरते धरते, तो त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण सहलीला गेलेला शहरवासी गाभोळी भरलेले मासे पिशव्या भरभरून आणतो आणि त्याची फुशारकी मारतो, तेव्हा पंडुराजाची चूक तो नव्याने करत असतो. आषाढात गाभोळीचा मोह टाळणे हे छोटे व्रत आहे. त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

महाभारताच्या वनपर्वात कौशिक नावाचा तपस्वी आहे. अंगावर विष्ठा टाकणाऱ्या बगळीला त्याने क्रोधाच्या दृष्टीने मारले. त्याला धर्म शिकण्यासाठी जावे लागले ते मिथिलेच्या बाजारात मांस विकणाऱ्या व्याधाकडे. तपस्व्याच्या हाती शस्त्र नव्हते, तरी त्याच्याकडून वध घडला. व्याधाचा व्यवसाय हिंसेशी जोडलेला होता, तरी त्याचे मन आवरलेले होते. पाड्यावरच्या शिकाऱ्याकडे तुच्छतेने पाहणाऱ्या शहराने ही कथा पुन्हा एकदा वाचावी. त्याला शिकवायला जाण्याआधी त्याच्याकडून काय शिकायचे राहून गेले, ते पाहावे.