आधी शेवाळ, मग अर्चिन



घरी खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवणारी मंडळी आता आपल्याकडेही आहेत.
त्यांच्यासाठी आज सी अर्चिनबद्दल बोलू या.

गोल शरीर.
अंगभर काटे.
तोंड खालच्या बाजूला, आणि त्यात पाच दात.
या दातांनी तो खडकावरचं शेवाळ खरवडून खातो.

हे काम किती मोलाचं, ते कॅरिबियन समुद्रात दिसलं.
1983 साली तिथे रोग पसरला.
लांब काट्यांचे काळे अर्चिन जवळजवळ सगळे मेले.
मग शेवाळ माजलं.
कितीतरी प्रवाळ त्याखाली दबून गेले.

घरच्या टाकीत मात्र शेवाळ मोजकंच.
ते संपलं, की अर्चिन उपाशी राहतो.
म्हणून लक्षात ठेवा,
आधी शेवाळ, मग अर्चिन.
नव्या, स्वच्छ टाकीत त्याला आणण्याची घाई करू नका.
खाणं कमी पडतंय असं वाटलं,
तर बिनमिठाची, बिनमसाल्याची नोरी द्या.
नोरी म्हणजे सुशीला गुंडाळतात ते वाळवलेलं समुद्री शेवाळ.

पाण्यातला अचानक बदल त्याला सोसत नाही.
तो ज्या पाण्यातून आणला, त्यात टाकीचं पाणी थेंबाथेंबाने मिसळत त्याला सवय करून द्या.
माशांसाठीचं तांब्याचं औषध या टाकीत कधीही घालू नका.
अर्चिन त्याने मरतो.
काटे गळू लागले, तर लगेच पाणी तपासा.

पुन्हा सांगते,
आधी शेवाळ, मग अर्चिन.

आणि हो, प्रवाळाचे सुटे तुकडे खडकाला घट्ट चिकटवा.
काही अर्चिन ते अंगावर घेऊन टाकीभर फिरतात.