तहहयात सनद

अध्यक्षमहाराज, सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून आलेले ग्रंथपाल, शिक्षक, आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप आहे ते वडीलधारे विद्यार्थी, बंधुभगिनींनो,

कृष्णा आणि कोयना जेथे समोरासमोर येऊन एकमेकींस भेटतात त्या या कऱ्हाड नगरीत स्वागतमंडळाच्या वतीने मी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. सांगलीकरांना पाहुणे म्हणताना मात्र जीभ किंचित अडखळते. 1949 साली जुन्या सातारा जिल्ह्याची वाटणी होऊन दक्षिण सातारा निर्माण झाला आणि 1960 पासून त्यालाच आपण सांगली जिल्हा म्हणू लागलो, ही सरकारदप्तरातील हकीकत झाली. वाईच्या घाटावरून निघालेले पाणी माहुली, कऱ्हाड, औदुंबर करीत सांगलीला पोहोचते, त्याला वाटेत कोठे नाके भेटत नाही.

जुने रुमाल चाळणाऱ्यांच्या परिचयाचा एक शब्द आहे : तहहयात. एखादे इनाम पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने चालावयाचे असे, तर एखादे केवळ धारण करणाऱ्याच्या हयातीपुरते. हे दुसरे ते तहहयात. आजन्म विद्याप्रीती हा या संमेलनाचा विषय ठरला तेव्हा हाच शब्द माझ्या मनात पुन्हा पुन्हा घोळू लागला, कारण विद्येची सनद अशीच आहे. बाप शास्त्री होता म्हणून मुलास एक अक्षरही वारशाने मिळत नाही, आणि बाप निरक्षर होता म्हणून मुलाचा हक्क बुडत नाही. ज्याने त्याने ती स्वतः मिळवावी, आणि हयात आहे तोवर, मग वय विसाचे असो की ऐंशीचे, तिची मुदत सरत नाही.

या सनदेचा थोर धारक येथून काही कोसांवरच्या क्षेत्र माहुलीचा. रामशास्त्री प्रभुणे यांची परंपरेने सांगितली जाणारी हकीकत आपण सर्वांनी ऐकलेली आहे : विशी येईपर्यंत अक्षरशत्रू राहिलेला हा तरुण साताऱ्यास अनगळ सावकारांच्या पदरी होता, धन्याच्या पायांवर पाणी घालीत असता त्याची नजर धन्याच्या कानातील भिकबाळीकडे गेली, धन्याने त्याच्या अज्ञानावर बोट ठेवले, आणि तो शब्द जिव्हारी लागून तो काशीची वाट चालू लागला. पुढे बाळंभट पायगुंडे यांच्यापाशी अध्ययन करून परतलेला हा पुरुष पेशव्यांचा न्यायाधीश झाला आणि नारायणरावांच्या वधाबद्दल प्रत्यक्ष रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्त सांगण्याइतका निर्भय ठरला. इतिहासाला तो दिवस मोठा वाटतो, आणि तो मोठा आहेच. परंतु माझे मन रमते ते काशीतल्या त्या पहिल्या सकाळी, जेव्हा मिसरूड फुटलेला हा गडी आठ-आठ वर्षांच्या बटूंच्या पंक्तीत मांडी घालून बसला असेल, संथा घेताना अडखळला असेल, आणि पोरांच्या हसण्याकडे न पाहता त्याने तोच चरण पुन्हा म्हटला असेल. रघुनाथरावांपुढे लागले त्याहून या धैर्याचे मोल मी तसूभरही कमी मानीत नाही. प्रौढ मनुष्याच्या विद्येच्या आड बुद्धीची उणीव क्वचितच येते. आड येतो तो संकोच.

हा संकोच ज्यांना शिवला नाही अशी माणसे या मुलखाने पुष्कळ पाहिली. जे. जे. कलाशाळेत शिकलेले, हैदराबाद व लाहोर येथे चित्रकलेवर नाव मिळवलेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर वयाच्या पन्नाशीच्या सुमारास औंधास येऊन स्थिरावले, आणि औंधकर पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने वेदाध्ययनात असे बुडून गेले की कुंचला मागे पडला. गुरूवाचून घरबसल्या संस्कृत शिकता यावे म्हणून त्यांनी लिहिलेल्या पाठांवर किती कारकुनांनी आणि शाळामास्तरांनी दिवसभराच्या चाकरीनंतर रात्री जागवल्या असतील! 1948 साली औंध सुटले तेव्हा ते ऐंशीचे होते. त्या वयात बिऱ्हाड हलवून त्यांनी पारडीस स्वाध्याय मंडळाचा संसार पुन्हा मांडला आणि शंभरी ओलांडून, 1968 साली, देह ठेवला. वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचा भार उचलला तो साठीच्या उंबरठ्यावर. पहिला खंड 1976 साली निघाला तेव्हा त्यांना पंचाहत्तर वर्षे झाली होती.

कोणी म्हणेल, हे तर पंडित. मग वाटेगावचे अण्णा भाऊ साठे घ्या. शाळेशी त्यांचा संबंध दीड दिवसाचा. मुंबईच्या रस्त्यांवरील पाट्या वाचीत त्यांनी अक्षरे आपलीशी केली असे सांगतात, आणि त्याच अक्षरांतून पुढे 'फकिरा' उभा राहिला.

परंतु रामशास्त्र्यांचा निश्चय वा अण्णा भाऊंची प्रतिभा प्रत्येकापाशी कोठून असणार? सामान्य माणसाच्या संकोचाचे काय करावे, याचे उत्तर या जिल्ह्याने 1959 साली शोधले. कर्मवीर भाऊरावांनी कमवा आणि शिका या मंत्राने मुलांच्या पिढ्या घडवल्या होत्या. त्यांचे निधन झाले त्याच वर्षी साताऱ्यात प्रौढांसाठी ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे ती राज्यभर पसरली. तिचे मर्म असे की, शिकण्याचे व्रत गावाने मिळून घ्यावयाचे, आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ करावयाचा. एकट्यादुकट्याची लाज गावाच्या अभिमानात विरून गेली.

माझी आजी त्या वर्गांतली. रात्री भांडी घासून झाली की कंदील आणि माझीच फुटकी पाटी घेऊन ती मारुतीच्या देवळात जाई, आणि मी, चौथीतला शहाणा, तिच्या 'ख' ला हसत असे. पुढे एकदा एस.टी.च्या थांब्यावर आम्ही उभे असता गाडी आली आणि तिने, आजवर ज्याला त्याला 'बाबा, कुठली रं ही गाडी?' असे विचारणाऱ्या माझ्या आजीने, पाटीकडे पाहून हलक्या आवाजात 'पाटण' असे म्हटले. एवढेच. गाडीत ती काही बोलली नाही. पदराच्या टोकाने डोळे मात्र दोनदा पुसले. मी जे हसलो होतो ते आजही मला बोचते.

त्या थांब्यावरचा तो प्रश्न अजून संपलेला नाही, त्याने वेष पालटला आहे. आज नातवापुढे मोबाईल धरून 'बघ रे, हे काय आलंय' म्हणणारे आजोबा, बँकेचा अर्ज दुसऱ्याकडून भरून घेताना मान खाली घालणारी मावशी, निवृत्तीनंतर तबला शिकावासा वाटून 'या वयात लोक काय म्हणतील' म्हणून गप्प बसणारे गृहस्थ, हे सारे त्याच संकोचाचे बंदी आहेत. साक्षरतेचे कोष्टक भरून वरिष्ठांकडे सुपूर्द केले की काम संपले, अशी समजूत आपल्यातही शिरली आहे, आणि ती मला घातक वाटते. गावोगावच्या वाचनालयांनी आठवड्यातून एक संध्याकाळ केवळ प्रौढांच्या प्रश्नांसाठी राखावी, मोठ्या टंकातील पुस्तके हाताशी ठेवावीत, आणि विचारणाऱ्याला आधी बसावयास पाट द्यावा, एवढी माझी मागणी आहे.

स्वागतमंडळाने या मांडवातच आरंभ केला आहे. उजवीकडच्या खोलीत दोन दिवस काही शिक्षक बसून राहतील. वाचन, हिशेब, अर्ज, मोबाईल, जे हवे ते विचारावे. तेथे कोणाचेही नाव लिहून घेतले जाणार नाही. पहिल्या रांगेतील खुर्च्या साठीनंतर शिकू लागलेल्यांसाठी राखल्या आहेत, त्यांतील काही अद्याप रिकाम्या दिसतात. मागे उभ्या असलेल्या आजींनी व दादांनी कृपा करून पुढे यावे. ते सारे स्थानापन्न झाले की अध्यक्षमहाराजांनी आपल्या भाषणास प्रारंभ करावा, अशी मी त्यांना नम्र विनंती करतो.