रक्ताचा पंप आणि पेटंटची चतुःसीमा
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बँकेतून निवृत्त झालेला माणूस बोलायला उभा राहिला की तो ठेवींचे व्याजदर सांगणार, असं सगळ्यांना वाटतं. आज तसं नाही. आपल्या सोसायटीतल्या इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या एका मुलानं गणपतीत मला एक प्रश्न विचारला होता. "काका, हृदय निकामी झालं की छातीत पंप बसवतात. तो चुंबकावर फिरतो. पंप जुना, चुंबक त्याहून जुनं. मग त्याला पेटंट मिळतंच कसं?" प्रश्न मला आवडला. बरंच वाचलं, त्यातलं जेवढं समजलं तेवढं सांगतो.

आधी पंप. आपलं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त पुढे ढकलतं. दिवसाचे होतात सात हजार दोनशे लिटर. टंचाईच्या दिवसांत आपल्याकडे पाच हजार लिटरचा टँकर येतो ना, तसे जवळजवळ दीड टँकर, रोज, मूठभर आकाराच्या स्नायूनं! हा स्नायू थकला आणि औषधांनीही भागेना, की उपाय दोनच उरतात. एक म्हणजे दुसऱ्याचं हृदय बसवणं. आपल्या देशात हे पहिल्यांदा १९६८ साली मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी करून पाहिलं. परंतु देणारा मिळाला तर ते शक्य. दुसरा उपाय म्हणजे हृदयाच्या डाव्या कप्प्याला जोडलेला पंप. हृदय जागेवरच राहतं, पंप त्याचा भार उचलतो. पोटाच्या कातडीतून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या नियंत्रक पेटीला आणि बॅटऱ्यांना जोडलेली असते. रात्री झोपताना घरातल्या विजेवर. (लोडशेडिंगचं काय, हे तुमच्या मनात आलंच असेल. माझ्याही आलं. म्हणून चार्ज केलेल्या जादा बॅटऱ्या कायम जवळ ठेवाव्या लागतात.)

पाण्याचा पंप आणि रक्ताचा पंप यांत फरक काय? आपल्या बोअरची मोटर आठवा. ती कशानं बिघडते? बुश झिजतो, बेअरिंग जातं, सील गळतं. पाण्याला त्याचं सुखदुःख नसतं. रक्ताला असतं. फिरत्या दांड्याभोवती सील आलं की तिथं उष्णता आली, फट आली, आणि रक्त जिथं साचतं तिथं गुठळी धरते. ती गुठळी मेंदूत गेली की पक्षाघात. दुसरीकडे, पातं जास्त घासलं की तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे हा पंप गळायला नको, घासायला नको, आणि आत कुठं कोपराही नको.

इथं चुंबक कामाला येतं. फिरणारं चाक बंद डबीत ठेवायचं आणि भिंतीच्या पलीकडून चुंबकानं फिरवायचं. दांडाच नाही, त्यामुळे सीलही नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे चाक चुंबकाच्या जोरावर अधांतरी तरंगत ठेवायचं. ते जरा सरकलं की संवेदकाला कळतं आणि विद्युतचुंबक त्याला पुन्हा मध्यावर आणतात, आणि हे सतत चालू असतं. हार्टमेट ३ नावाचा पंप असा आहे. आधीच्या हार्टमेट २ मध्ये चाक माणकाच्या बेअरिंगवर फिरायचं. दोन्हींची तुलना करणारी चाचणी अमेरिकेत झाली, १०२८ रुग्णांवर. तिचा अहवाल २०१९ साली आला. जुना पंप बसवलेल्यांपैकी ११.३ टक्के रुग्णांचा पंप बदलावा लागला किंवा काढावा लागला. तरंगत्या चाकाच्या पंपात हे प्रमाण २.३ टक्के. बेअरिंग काढल्याचा फायदा एवढ्या दोन आकड्यांवरूनही कळतो.

आता पेटंट. यात मला माझ्या जुन्या कामाची आठवण पदोपदी आली. जमीन किंवा घर तारण घेऊन कर्ज द्यायचं तर बँक काय करते? पॅनेलवरच्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट मागवते. सात-बारा, फेरफार, जुनी खरेदीखतं, बोजा, सगळं पाहिलं जातं. आणि खरेदीखतात एक गोष्ट पक्की हवी, ती म्हणजे चतुःसीमा. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, दक्षिणेला ओढा की रस्ता. चतुःसीमा मोघम असली की उद्या भांडण ठरलेलं.

पेटंटचा अर्ज म्हणजे हेच. वर पानंच्या पानं वर्णन असतं, आकृत्या असतात, आणि शेवटी क्रमांक घालून 'दावे' असतात. वर्णन कितीही मोठं असो, हक्क मिळतो तो दाव्यात जेवढं मागितलं तेवढ्यावर. दावा म्हणजे चतुःसीमा. आणि परीक्षक म्हणजे सर्च रिपोर्ट देणारा माणूस. फक्त त्याचा शोध एका तालुक्याच्या दप्तरापुरता नसतो. जगात कुठंही, कुठल्याही भाषेत, अर्जाच्या तारखेआधी छापलेलं किंवा वापरात असलेलं आड येऊ शकतं.

समजा कुणी अर्ज केला आणि पहिल्याच दाव्यात लिहिलं, 'चुंबकाने फिरवलेले चाक असलेला रक्ताचा पंप.' इतकंच. परीक्षक लगेच जुने कागद पुढे करील आणि म्हणेल, बाबा, हे तर गायरान आहे, सगळ्या गावाचं. यावर तू एकट्यानं कुंपण घालू शकत नाहीस. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यात यासाठी सोय आहे. गोष्ट नवी हवी, तिच्यात शोधाची पायरी हवी, आणि ती उद्योगात वापरता यायला हवी. कलम ३ मध्ये तर काय चालणार नाही याची यादीच आहे. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि त्या आपापलं जुनंच काम करत राहिल्या, तर तो शोध नव्हे. त्या मुलाचा प्रश्न नेमका याच कलमाचा होता, त्याला ते माहीत नव्हतं एवढंच.

मग अर्जदार चतुःसीमा आवळतो. चुंबकं चाकात कुठं बसवली, फट किती ठेवली, रक्त त्या फटीतून कसं वाहतं म्हणजे साचत नाही, चाक सरकल्याचं कशावरून ओळखलं. आता परीक्षकापुढे खरा प्रश्न येतो. या कामातला जाणकार माणूस जुने कागद वाचून सहज इथपर्यंत पोहोचला असता का? असता, तर पेटंट नाही. नसता, तर आहे.

याचं मला सापडलेलं उत्तम उदाहरण डॉ. रिचर्ड वॅम्पलर यांचं. १९७६ साली ते इजिप्तमध्ये होते. तिथं माणसं नळीत बसवलेला स्क्रू फिरवून पाणी वर चढवताना त्यांनी पाहिली. आर्किमिडीजच्या नावानं ओळखली जाणारी ही युक्ती दोन हजार वर्षांहून जुनी. आपल्याकडे मोट होती, रहाट होता, तसं तिकडं हे. वॅम्पलर यांनी तेच रक्तासाठी योजलं. चिमुकला स्क्रू, पायाच्या धमनीतून हृदयापर्यंत सरकवायचा आणि मिनिटाला पंचवीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरवायचा. तेव्हाचे जाणकार म्हणत, इतक्या वेगानं रक्ताचा चेंदामेंदा होईल. १९८८ साली ह्यूस्टनला डॉ. फ्रेझियर यांनी तो पहिल्यांदा रुग्णाला बसवला आणि रक्त टिकलं. स्क्रू जुना होता, पण सगळे जाणकार 'होणार नाही' म्हणत असताना ते करून दाखवणं, याला मी तरी सहज सुचणारी गोष्ट म्हणणार नाही.

परीक्षणाची रीत थोडक्यात सांगतो, कारण घराघरात आता इंजिनिअर मुलं-मुली आहेत. अर्ज दिल्यापासून साधारण अठरा महिन्यांनी तो प्रसिद्ध होतो. परीक्षणाची मागणी वेगळी करावी लागते. २०२४ च्या नियमांनुसार त्याला एकतीस महिन्यांची मुदत आहे. ती चुकली तर अर्ज मागे घेतला असं धरतात. मग परीक्षकाचा पहिला अहवाल येतो, आपल्या भाषेत क्वेरी. उत्तराला सहा महिने, मागितले तर आणखी तीन. नाही पटलं तर सुनावणी. मिळालं तर हक्क अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, तोही दरवर्षी फी भरत राहिलं तर. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये आणि परीक्षणाची ४००० रुपये आहे. दावे लिहून देणाऱ्या तज्ज्ञाची फी मात्र याच्या कितीतरी पट होते, हे आधीच सांगून ठेवतो.

आणि जाहीर नोटीस! जमिनीच्या व्यवहाराआधी आपण वर्तमानपत्रात वाचतो ना, 'कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत...' पेटंटमध्येही तसंच आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर आणि पेटंट मिळण्याआधी कुणीही माणूस हरकत घेऊ शकतो. कुणीही, म्हणजे तुम्ही-आम्हीसुद्धा.

हरकत घेऊन काय होतं, हे आपल्या एका मराठी माणसानं दाखवलं. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं होतं. चुलीजवळ बोट कापलं की आपल्या आईनं आधी काय लावलं, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण 'ठाऊक आहे' हे परीक्षकाला चालत नाही, कागद लागतो. माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांच्या संस्थेनं जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख धरून बत्तीस पुरावे दिले. १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. गायरान गावाला परत मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या धाराशिवच्या माणसाला याचं काय? पेशंटला सोलापूरला न्यायचं की लातूरला, हीच आमची पहिली अडचण. खरं आहे. पण हा पंप बसवण्याचा खर्च कोटीच्या घरात जातो, असं बातम्यांत येतं. तो कमी व्हायचा असेल तर दुसऱ्या कुणाला तरी असा पंप बनवता आला पाहिजे. आणि तो बनवता येईल की नाही, हे परीक्षकानं पहिल्याची चतुःसीमा कुठपर्यंत मान्य केली यावर बरंच अवलंबून असतं. 'चुंबकावर तरंगणारा कुठलाही पंप' असा दावा मान्य झाला, तर वीस वर्षं सगळा रस्ताच बंद. 'अशा रचनेचा पंप' एवढाच मान्य झाला, तर शेजारून वाट काढता येते. उलट, परीक्षक फारच कंजूष निघाला तर एवढा पैसा घालून शोध लावायला कोण बसेल? मला विचाराल तर दावे आवळून घेणारा परीक्षक बरा. वाट बंद झाली तर भोगायचं पेशंटला.

कायद्यानं आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली आहे. यंत्राला पेटंट मिळतं, पण ते माणसाच्या शरीरात बसवण्याच्या शस्त्रक्रियेच्या पद्धतीला आपल्याकडे मिळत नाही. टाका कसा घालायचा, हे डॉक्टरांनी एकमेकांना मोकळेपणानं शिकवावं.

पेटंट मिळालं आणि मालकानं माल परवडण्याजोग्या भावात दिलाच नाही तर? तीन वर्षांनंतर दुसरा कुणी सक्तीचा परवाना मागू शकतो. हे एकदाच झालं, आणि तेही आपल्या मुंबईच्या पेटंट कार्यालयातून. मार्च २०१२ मध्ये नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी बायर कंपनीच्या नेक्साव्हार या कर्करोगाच्या औषधाचा परवाना हैदराबादच्या नॅटकोला दिला. महिन्याचा खर्च सुमारे दोन लाख ऐंशी हजार होता, तो सुमारे आठ हजार आठशेवर आला. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानंही तो निर्णय कायम ठेवला. पंपालाही हेच कलम लागू आहे. पण गोळीचं रसायन कळलं की गोळी करता येते, तरंगत्या चाकाचं तसं नाही. तिथं परवाना हातात असूनही हात तयार नसतील तर उपयोग नाही.

एक गैरसमज मात्र काढून टाका. पेटंट म्हणजे गुणवत्तेचा शिक्का नव्हे. टायटल क्लिअर आहे असा सर्च रिपोर्ट आला म्हणजे कर्जदार हप्ते फेडेलच असं असतं का? मेडट्रॉनिक कंपनीनं एचव्हीएडी नावाचा असाच एक रक्ताचा पंप जून २०२१ मध्ये विकणं थांबवलं. मेंदूच्या झटक्यांचं प्रमाण जास्त आढळलं होतं, आणि काही पंप थांबल्यावर पुन्हा सुरू होत नव्हते. यंत्र सुरक्षित आहे की नाही हे पाहणारं खातं वेगळं, पेटंटचं वेगळं.

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली, पेटंट जगतं वीस वर्षं. म्हणजे आपली नोंदणी झाली त्या वर्षी जगात रक्ताच्या पंपाचे जे अर्ज पडले, त्यांतलं एकही पेटंट आज सहसा जिवंत नसणार. त्यांची वर्णनं, आकृत्या, सगळं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. वीस वर्षांच्या हक्काच्या बदल्यात शोध लावणाऱ्यानं ते उघड केलेलं असतं, सौदाच तसा आहे. आयआयटी कानपूरनं २०२२ साली 'हृदयंत्र' नावाचा प्रकल्प हाती घेतला तो देशातच असा पंप करण्यासाठी.

व्याख्यानानंतर एका भगिनींनी विचारलं, "पेटंट संपलं की हे स्वस्त होईल का?" आपोआप नाही होणार. कारखाना लागतो, चाचण्या लागतात, आणि बसवणारे हात लागतात. पण एक झालेली गोष्ट आहे. हृदयाची झडप पूर्वी परदेशातूनच यायची. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं बरीच वर्षं घालवून आपली झडप बनवली. आधीचे काही नमुने फसले, तरी काम सोडलं नाही. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली, आणि पुढे टीटीके कंपनीनं ती बाजारात आणली. आजवर एक लाखाहून अधिक लोकांच्या छातीत ती टिकटिकते आहे, आणि परदेशी झडपेपेक्षा बऱ्याच कमी पैशांत.